चोरट्या नजरेचं नाव

‘अगं, दार नीट लावून घ्यायचं ना!’ न्हाणीघराच्या फटीतून कुणी डोकावलं, की आपल्याकडे पहिलं बोलणं बसतं ते आंघोळ करणाऱ्या बाईलाच. डोकावणाऱ्याला ‘मेला चहाटळ’ म्हटलं की विषय संपला! मैत्रिणींनो, या चहाटळपणाला एक नाव आहे – व्हॉयरिझम. ‘पाहणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द. दुसऱ्याचे अगदी खासगी क्षण त्याच्या नकळत चोरून बघणं, हा त्याचा अर्थ.

हल्ली तो सैलपणे वापरतात. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसण्यालाही गमतीनं व्हॉयरिझम म्हणतात. पण कायद्यात ही गंमत नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. कपडे बदलताना, आंघोळ करताना, संडासात किंवा शय्यागृहात असलेल्या स्त्रीला चोरून पाहणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं, तिन्ही यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं, शिवाय दंड.

यातली खरी मेख लक्षात घ्या. दाराला कडी होती का, हे कायदा विचारत नाही. इथं आपल्याला कुणी बघणार नाही असं तिनं धरून चालणं रास्त होतं का, एवढंच तो विचारतो. आणखी एक. नवऱ्याला किंवा मित्राला फोटो काढू दिला, म्हणजे तो चारचौघांत फिरवायची परवानगी दिली असं होत नाही. असा फोटो तिच्या संमतीशिवाय पुढे पाठवणं हाही गुन्हाच.

तेव्हा कुणाची अशी क्लिप मोबाईलवर आली, तर ‘बघ गं, कोण आहे ही’ म्हणत पुढे ढकलू नका. ज्या बाईवर हे बेतलं असेल तिला सांगा, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि ती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवून घ्यायची असते. सोबत हवी असेल तर तिच्याबरोबर जा. मान खाली जायची तर बघणाऱ्याची जाऊ दे, तिची का?