आकाशाची नोंद

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारूकी सुलतान आदिलशहाच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. मशिदीच्या उभारणीचा शके १५११ मधील दिवस त्यात तिथी-नक्षत्रासह कोरलेला आहे. ज्या गावाने नक्षत्राची साक्ष दगडावर ठेवली, त्याच्या माथ्यावर आज तारे किती उरले, हे सांगावयाचे कोणी? आमच्या मते ते काम हौशी छायाचित्रकारांचे आहे. ऑक्टोबर २०२४ मधील धूमकेतू देशभरच्या अशाच मंडळींनी टिपला. एक तिकाटणे आणि दहा-पंधरा सेकंद उघडा राहणारा कॅमेरा एवढ्यावर आरंभ होतो. अधिक थांबल्यास पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. (दुर्बिणीच्या किमतीने कोणी दबून जाऊ नये.) पावसाळा वगळून दर अमावस्येस त्याच जागेवरून तेच आकाश टिपले, तर काही वर्षांत दिव्यांनी आकाश किती गिळले याचा पुरावाच हाती येईल. पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, ती भोवतालच्या गावांतील दिवे जमिनीकडे वळविल्यावर. बुऱ्हाणपूरच्या कारभाऱ्यांनी निदान असीरगडाच्या वाटेवरील दिव्यांना तरी झाकणे बसवावीत.