ताचाईचा फेरविचार

चीनच्या शान्शी प्रांतातील ताचाई गावामागच्या टेकडीवर गेल्या वर्षी उभा होतो. खालच्या घळींतून दगडी बांधांनी तोलून धरलेली पायरीशेते पाहून मनात प्रथम आला तो आदरच. विद्यार्थिदशेत आमच्या पिढीने या शेतांची छायाचित्रे भक्तिभावाने पाहिली. पुढे अर्थशास्त्र शिकवताना भांडवलाची उणीव संघटित श्रमाने भरून काढता येते, याचे उदाहरण म्हणून मी ताचाईचेच नाव घेत असे. त्या उदाहरणाचा फेरविचार करणे आता प्राप्त आहे.

ताचाईचे कष्ट खोटे नव्हते. ऑगस्ट १९६३ च्या अतिवृष्टीत शेते आणि घरे उद्ध्वस्त झाली, तेव्हा सुमारे ऐंशी कुटुंबांच्या या गावाने चेन योंगग्वेई यांच्या नेतृत्वाखाली सरकारी धान्य, पैसा व साहित्य नाकारून पुनर्बांधणीचा निर्धार केला. त्या वेळची दगडी घरांची रांग आजही उभी आहे. १९६४ मध्ये माओंनी शेतीत ताचाईपासून शिकण्याची हाक दिली, आणि एका गावाचा पराक्रम साऱ्या देशाचा दंडक बनला.

त्याच वर्षाच्या अखेरीस एका तपासणी पथकाने गावाच्या जमिनीच्या व उत्पादनाच्या आकड्यांविषयी शंका घेतल्या होत्या. परंतु डिसेंबरमध्ये चौ एन-लाय यांनी राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेपुढे ताचाईचा गौरव केला, चेन माओंच्या वाढदिवसाच्या भोजनास बसले, आणि पथकाचे निष्कर्ष बाजूला पडले. यापुढे ताचाईचे धान्य मोजण्याचे धाडस कोण करणार? बांधबंदिस्तीला सैनिकांचे हात लागले होते, ही गोष्ट स्वावलंबनाच्या कथेत बसत नव्हती. म्हणून ती सांगितली गेली नाही. डोंगरातला धडा सपाट प्रदेशावरही लादला गेला. १९७० मध्ये युन्नानमधील कुन्मिंगजवळच्या त्येन सरोवराचा काही भाग धान्यासाठी बुजवण्यात आला. चेन १९७५ मध्ये उपपंतप्रधान झाले. १९८० मध्ये वारे फिरताच पायउतार झाले, आणि ज्या वृत्तपत्रांनी ताचाईचे पोवाडे गायिले त्यांनीच तिचे दोष मोजले.

यावरून सामुदायिक शेती म्हणजेच फसवणूक, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण आपल्यापैकी जे सारा दोष १९८० नंतरच्या राज्यकर्त्यांवर ढकलतात, त्यांचेही म्हणणे मला पटत नाही. आकडा फुगला की त्या फुगलेल्या आकड्यावर सरकारी धान्यवसुली ठरते, आणि उणे पडते ते शेतकऱ्याच्या वाडग्यात. १९५८ च्या 'महाझेपे'नंतर याच वाटेने भीषण दुष्काळ आला होता. तरीही चार-पाच वर्षांत प्रश्न विचारणारा पुन्हा अडगळीचा ठरला. नियोजनाला खरी मोजणी लागते, आणि खऱ्या मोजणीला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य लागते. या स्वातंत्र्याला केवळ भांडवलदारांची चैन समजणे ही आमची मोठी चूक होती.

चेन यांचे अवशेष त्याच टेकडीवर आहेत. तेथे मी नतमस्तक झालो, कारण त्या माणसाने दगड खरोखरच वाहिले होते. आम्ही मात्र दुरून टाळ्या वाजवल्या, आणि आकडे तपासणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच ते तपासले नाहीत. त्या वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांची माझ्याकडे ही बाकी राहिली आहे.