तुला कोणी सांगितलं?

मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलताना हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या अंकात आम्ही ज्या विद्वानांकडे वळलो आहोत, त्यांची हयात याच प्रश्नात गेली.

पैगंबर मुहंमद यांचं बोलणं-वागणं सांगणाऱ्या हदीसच्या आधी सांगणाऱ्यांची साखळी येते, ती इस्नाद. तिच्यातला एकेक माणूस पारखायचा: खरं बोलतो का, स्मरणशक्ती कशी, आणि ज्याचं नाव घेतो त्याला भेटला तरी होता का? यातून चरित्रकोशांची रांगच उभी राहिली. 15व्या शतकात कैरोच्या इब्न हजर यांनी 'तकरीब' या आपल्या कोशात कथनकर्त्यांच्या 12 पायऱ्या लावल्या. सगळ्यात खालची खोटारड्यांची.

आम्ही मात्र रेंगाळलो इजिप्तचे काझी इब्न लहीआ (मृत्यू 790) यांच्यापाशी. माणूस सच्चा, पण पुस्तकं जळाली आणि पुढे सांगण्यात गफलत होऊ लागली, असं म्हणतात. इब्न हजर त्यांना निकालात काढत नाहीत. इब्न मुबारक आणि इब्न वहब या कथनकर्त्यांनी त्यांच्याकडून घेतलेलं इतरांपेक्षा भरवशाचं, एवढंच नोंदवतात. निकाल देणाऱ्यानं असा हात राखून ठेवणं आम्हाला फार आवडलं.

या साखळ्या बऱ्याचदा मागाहून जुळवल्या गेल्या, हा अभ्यासक योसेफ शाख्ट यांचा 20व्या शतकातला आक्षेपही अंकात आहे. तो आम्ही आडपडद्याशिवाय मांडला आहे.

तुमच्या घरातली एखादी ऐकीव गोष्ट घ्या. आजीला ती कोणी सांगितली, त्या माणसाला कोणी? साखळी जिथे तुटेल तिथपर्यंतचं आम्हाला लिहून कळवा.