सनद खरी असेलही, पण जमीन?

माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी सनद सापडली की भावकीला एकदम हुरूप येतो. शिक्का आहे, घराण्याचं नाव आहे. आता वकील गाठायचा! कागद जितका जुना तितका हक्क पक्का, ही या मंडळींची समजूत. मला ती साफ अमान्य आहे.

सनदेत दिलंय काय, ते आधी वाचा तरी. पुष्कळ इनामांत मिळे तो वसूल घेण्याचा हक्क; जमीन कसणारा मिरासदार आपल्या जागी कायम राही. शिवाय 1950च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतनं आणि 1952च्या कायद्याने वैयक्तिक इनामं रद्द झाली. अस्सल सनदेचा जोरही तिथे सरला.

‘पण तीस वर्षांपूर्वीचा कागद कोर्ट खरा धरतं ना?’ अर्धंच खरं. असा कागद योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर कोर्ट अस्सल धरू शकतं. आतल्या मजकुराची हमी त्यात येत नाही. सातबाऱ्याचंही तेच. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, पण ती मुळात सारावसुलीसाठी. नुसत्या फेरफाराने कुणी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा सांगावं?

मग जुने कागद रद्दीत घालायचे? छे! महजर, म्हणजे गावसभेतले लेखी निवाडे, पाहा. वतनाचा तंटा उभा राहिला की वतनदार-गावकऱ्यांची गोतसभा बसे, थळकऱ्यांच्या, म्हणजे मिरासदारांच्या, साक्षी होत, निवाडा लिहिला जाई. खाली पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची दौत-लेखणी, बलुतेदारांची आपापली हत्यारं अशा निशाण्या उमटत. अक्षरशत्रू माणसाची साक्षही त्या कागदात बसलेली असे. असा कागद मी डोक्यावर घेईन, कारण त्याच्यामागे अख्खा गाव उभा आहे.

आणि नेमकी हीच साक्ष आपले साहेबलोक वनहक्काच्या दाव्यात उडवून लावतात! ‘लेखी काय आहे?’ ज्या पाड्यावर सरकारचा कागद कधी पोचलाच नाही, तिथल्या म्हाताऱ्याने तो आणायचा कुठून? 2006च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान हे सारे पुरावे म्हणून नोंदलेले आहेत. अमुकच प्रकारच्या कागदाचा आग्रह धरू नये, असंही 2012च्या दुरुस्तीने उपविभागीय आणि जिल्हा समित्यांना बजावलं आहे. लेखी पुराव्यावर एवढी भक्ती असणाऱ्यांनी हा लेखी नियम तेवढा वाचू नये?