पाणी कोणाचे, वाटा कोणाचा?



तहानलेल्याला पाणी द्यावे, हे आपल्या गावांना कोणी शिकवावे लागले नाही. दारी आलेल्याच्या हातावर गूळपाणी ठेवणारी आपली माणसे. पण याच गावांनी शेकडो वर्षे काही माणसांना विहिरीची पायरी चढू दिली नाही. मूल्य होते, पण त्याला भावकीचे आणि जातीचे कुंपण होते.

गाव आपल्यापुरते जगत होते, तोवर हे कुंपण टिकले. पुढे रेल्वे आली, बाजारपेठ आली, कोर्टकचेरी आली. अनोळखी माणसांना एकमेकांशी व्यवहार करायचा, तर नियमही दोघांना सारखा लागू पडणारा लागतो. मूल्यावरची जातीची पाटी मग अडचणीची होते.

पण नुसते एकत्र आल्याने पाटी गळून पडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत हजारो कामगार एका छपराखाली राबत. तरी विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. पाटी कोणीतरी उतरवावी लागते. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने तसाच ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला पाणी लागले. सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले, कोर्टकज्जे केले. हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांवर जातीवरून मज्जाव करायला बंदी घातली. 'आपल्या माणसाला पाणी' याचे 'माणसाला पाणी' झाले ते असे.

इथे एक धोका आहे. मूल्य जितके रुंद होते, तितकी त्याची गाठ सैल पडते. 'समता' म्हणायला कोणाचीच हरकत नसते, कारण त्या शब्दात कोणाच्या बांधाला हात लागत नाही. म्हणून रुंद शब्द कायद्यात आणि कायदा रोजच्या व्यवहारात उतरवावा लागतो.

पाण्याचे झाले, आता जमिनीचे पाहू. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा, ही सुधारणा महाराष्ट्राने 1994 साली केली. ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. 2005 साली देशाच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क दिला. 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 साली स्पष्ट केले. तरी वाटणीच्या वेळी काय होते? बहिणीला साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती तिला कोणी बोलून दाखवावी लागत नाही.

भाऊ म्हणतात, जमीनच दोन एकर, तिचे तुकडे किती करायचे? अडचण खरी आहे. पण दोन भावांत वाटे पाडताना ती आडवी येत नाही. बहीण आली की मगच तुकडे दिसू लागतात. कोणी बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल, तर तो तिचा अधिकार. आमचे म्हणणे एवढेच, की आधी तिचे नाव सात-बाऱ्यावर लागू द्या. मग सोडायचे की ठेवायचे, ते तिला ठरवू द्या.

आपण जिल्हा बैठकीला जात, भावकी बाजूला ठेवून शेतकरी म्हणून एका सतरंजीवर बसतो. ही सतरंजी घरच्या ओसरीपर्यंत पोचते का? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. गेल्या पाच वर्षांत गावात वाटण्या किती झाल्या, आणि त्यांतल्या किती सात-बाऱ्यांवर लेकीचे नाव लागले. भाषणे त्यानंतर करू.