श्रमिकास प्रांत दोन, वाली एकही नाही

परप्रांतीय मजुरांचा विषय निघाला म्हणजे आमच्या पनवेलच्या सुशिक्षित मंडळींत दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘ह्यांस येऊच देऊ नये’. दुसरा म्हणतो, ‘आले आहेत तर राहोत, आपणांस काय त्याचे!’ वरवर विरोधी दिसणारी ही मते वस्तुतः एकाच आळसाची अपत्ये होत. पहिल्यास राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने केव्हाच उत्तर दिले आहे. दुसऱ्यास २०२० च्या उन्हाळ्याने दिले.

त्या वर्षी २९ एप्रिलला केंद्र सरकारने अडकलेल्या मजुरांस घरी जाण्याची मुभा दिली. पण अट अशी की, पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या राज्यांनी आधी परस्परांशी बोलून संमती द्यावी. माणसे रस्त्यावर आणि संमती कचेरीत! ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर निजलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. पुढे १९ मे रोजी आगगाड्यांपुरती स्वीकारणाऱ्या राज्याच्या संमतीची अट काढण्यात आली. वाटेत किती मजूर मेले ह्याची नोंदच नाही, असे सप्टेंबरात संसदेस सांगण्यात आले.

कोणी म्हणेल, तो प्रसंग आकस्मिक होता. साथ आकस्मिक होती खरी. राज्याराज्यांतील अबोला मात्र जुनाच होता. परराज्यात राबणाऱ्या आपल्या मजुरांची स्थिती पाहण्यास आपले अधिकारी नेमण्याची सोय १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात होती. अट एवढीच की, त्या राज्याने रुकार द्यावा. ही वाट वहिवाटीची झाली असती, तर संकटाच्या दिवशी ओळख काढण्यापासून आरंभ करावा लागला नसता. १९५६ च्या कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. पण महाराष्ट्र पश्चिमेच्या परिषदेत, उत्तर प्रदेश मध्य विभागाच्या, बिहार पूर्वेच्या आणि कर्नाटक दक्षिणेच्या. मजूर ज्या दोन राज्यांत विभागला जातो, ती राज्ये एका पंक्तीस बसतच नाहीत!

हा केवळ परक्यांचा कैवार आहे, असे वाचकांनी समजू नये. मुकादमाकडून उचल घेऊन कर्नाटकात ऊस तोडावयास जाणारे बीडचे जोडपे तेथे परप्रांतीयच असते. पनवेलीत बिहारी मजुराची मजुरी बुडाली असता ज्यास हसू येते, त्याने बेळगावच्या फडात आपल्या माणसाची मजुरी बुडाली असता कोणत्या तोंडाने न्याय मागावा?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. महाराष्ट्राने प्रथम कर्नाटकाशी, मग उत्तर प्रदेश व बिहार ह्यांच्याशी लेखी करार करावा: नोंदवही दोघांची एक असावी, बुडालेल्या मजुरीची फिर्याद गावी परतल्यावरही चालावी, आणि संकटकाळाची संमती आधीच देऊन ठेवावी. ह्यास नवा कायदा नको, निधीही फारसा नको. शेजाऱ्याशी बोलण्याची इच्छा मात्र हवी. पनवेल तालुक्यात २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. देशोदेशींच्या सरकारांशी करार झाल्यावाचून तेथून परदेशी विमान सुटणार नाही. मग मजुराच्या वाटेसाठी दोन शेजारी राज्यांनी एक करार करणे, हे अशक्य कसे?