अंगावर काटा आला, बरं! मग पुढे?

मंडळी, आमच्या धंद्यात एक बग रिपोर्ट फार प्रसिद्ध आहे: "चालत नाहीये." बस, एवढंच. कुठल्या स्क्रीनवर, आधी काय दाबलं होतं, काही पत्ता नाही. असा रिपोर्ट आला की कुठलाही शहाणा प्रोग्रॅमर तो आल्या पावली परत पाठवतो.

आपल्याकडे भयकथा, रहस्यकथा, गूढकथांवर जे लिहिलं जातं ते बहुतेक याच जातीचं असतं. "अंगावर काटा आला." "एका बैठकीत संपवलं." "शेवटचा ट्विस्ट भन्नाट!" अहो, काटा आला हे कळलं. कशानं आला ते सांगा की!

यावर एक उत्तर ठरलेलं आहे. "जास्त सांगितलं तर रहस्य फुटेल ना राव." साफ चूक. केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या (मूळ जपानी, २००५, 'जाने जान' हा २०२३ चा हिंदी सिनेमा हिच्यावरूनच). खून कुणी केला हे सुरुवातीलाच वाचकाच्या डोळ्यांदेखत घडतं. तरी पुस्तक शेवटपर्यंत फसवतं. कारण 'कोणी' हा प्रश्न काढून घेतला की आपण दुसऱ्याच प्रश्नामागे धावायला लागतो, आणि तो प्रश्नही लेखकानंच आपल्या हातात ठेवलेला असतो. आता एवढं सांगितलं, फुटलं का काही? उलट ज्यानं वाचलं नाही त्याला वाचावंसं वाटेल.

दुसरं उत्तर असं की "टाइमपास पुस्तकं ती, त्यांची कसली समीक्षा!" गंमत म्हणजे हे नाक मुरडणारे विद्वानही म्हणतात आणि कट्टर चाहतेही. नारायण धारपांची (१९२५-२००८) 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून (१९७५) घेतलेली आहे, हे दोन्ही पुस्तकं वाचणाऱ्याला चटकन कळतं. मग एक गट ओरडतो "उचलेगिरी!", दुसरा म्हणतो "पण काय लिहिलंय!" आणि चर्चा संपते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. किंगच्या कादंबरीत फादर कॅलाहानच्या हातातला क्रूस उजळलेला असतो. बार्लो हा व्हॅम्पायर त्याला आव्हान देतो, 'टाक तो क्रूस, आणि ये समोर.' फादर कचरतो. श्रद्धा डळमळते आणि क्रूस विझतो. त्या प्रसंगाची सगळी भीती त्या विझण्यात आहे. हे यंत्र चर्चवर चालतं. आपल्या बहुतेक गावांत ना चर्च, ना फादर. मग त्या जागी धारपांनी काय बसवलं, आणि ते तेवढा भार पेलतं का? हा प्रश्न घेऊन 'लुचाई' पानापानानं तपासणारा लेख निदान मला तरी भेटलेला नाही.

बरं, हे सगळं कारागिरीपुरतं असतं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. पण भयकथा आपल्याला *कुणाला* घाबरायचं हेसुद्धा शिकवते. लव्हक्राफ्टची 'द हॉरर ॲट रेड हुक' (१९२७) वाचा. तिच्यात ब्रुकलिनमधल्या वस्तीतले परदेशातून आलेले गरीब लोक हेच भीतीचं कारण आहेत. व्हिक्टर लाव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकानं २०१६ मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहून तीच कथा हार्लेममधल्या एका काळ्या तरुणाच्या बाजूनं पुन्हा सांगितली. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं स्मृतिचिन्ह लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचं होतं. वाचक-लेखक भांडले, आणि २०१५ मध्ये ते बंद करायचं ठरलं. नुसता "काटा आला" म्हणून हे झालं नसतं.

आता आपली हडळ घ्या. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं गावोगाव सांगतात. म्हणजे जिच्यापर्यंत वेळेवर मदत पोचली नाही, तिलाच मेल्यावर आपण घाबरायचं! ज्या महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर, तिथे ही गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही. याचा अर्थ हडळीवर लिहू नका असा मुळीच नाही. जरूर लिहा. पण आजचा लेखक तिला झाडावर बसवतो, तेव्हा तिला स्वतःचं काही म्हणणं आहे की ती फक्त दचकवायला ठेवलीय, हे विचारणं परीक्षण लिहिणाऱ्याचं काम आहे.

आणि यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नव्यानं लिहिणाऱ्याचं. त्याच्या वाट्याला एक तर "भन्नाट" येतं, नाहीतर शांतता. दोन्हीतून पुढचं पुस्तक सुधारायला काडीचाही उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या वेळी काटा आला तर तीनच गोष्टी लिहा: कुठल्या प्रसंगात आला, कशानं आला, आणि कुणाच्या भीतीनं आला. एवढंही नसेल तर तिकीट बंद. शेरा: माहिती अपुरी.